मेलेल्या ढोराची जबाबदारी कोणाची?

रस्त्यावरचं पिल्लू उचलून चांगल्या घरी पोचवणं हे पुण्याचं काम आहे, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. महाड-पोलादपूरकडेही असे फोटो मोबाइलवर फिरत असतात: तांबूस पिल्लू आणि खाली 'प्रेमळ घर हवे'. फोनही येतात, पण पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, 'नर आहे ना?' एका विणीतले नर पटकन जातात, माद्या कोंबडीच्या दुकानामागे आतड्या-पिसांच्या ढिगावर वाढतात आणि पुढच्या हंगामात व्यायला येतात. नुसतं दत्तक देत राहिलं तर पुढच्या विणीची सोय आपणच करून ठेवतो. म्हणून प्राणिमित्र संस्थांनी घरं शोधण्याआधी दोन गोष्टींचा पिच्छा पुरवावा असं माझं म्हणणं आहे. एक, कुत्र्यांना पोसणारी घाण, त्यातही मेलेली जनावरं. दुसरी, माद्यांची नसबंदी. पहिली गोष्ट अप्रिय आहे, म्हणून तिच्याबद्दलच जास्त बोलायला हवं.

वाडीवर म्हैस मेली की पूर्वी काही तासांत आभाळातून गिधाडं उतरत. १९९० च्या दशकात ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली उघड झालं: दुखण्यावर गुरांना टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक. ते अंगात असताना जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं, पण तोवर गिधाडांचं ताट कुत्र्यांकडे गेलं होतं. आयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची दगावली. रेबीज आणि सडलेल्या मढ्यांनी दूषित झालेलं पाणी ही त्यामागची मुख्य कारणं त्यांनी मांडली. आकडा अंदाजाचा आहे, थोडा इकडे-तिकडे होईल. पण भटकी कुत्री हा केवळ भूतदयेचा विषय नाही, एवढं सांगायला तो पुरेसा आहे.

याच महाडच्या 'सीस्केप' संस्थेनं प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकारानं म्हसळा तालुक्यात चिरगावला गिधाडं जगवली ती याच टोकाकडून. गावकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांची झाडं राखली आणि मेलेली गुरं गिधाडांपर्यंत पोचवली. हे काम फोटोत चांगलं दिसत नाही. जनावर मेल्याचा निरोप आला की आधी विचारायचं, गेल्या काही दिवसांत कसली सुई टोचली होती का? मग टेम्पो, दोर, चार माणसं, नाकाला फडकं आणि वास सुटायच्या आत निघायची घाई. पिल्लाला दुधाची बाटली पाजण्याशी याची तुलना होणार नाही, पण हजार पिल्लांच्या भवितव्याशी याचा संबंध आहे.

महाडात हा प्रश्न आणखी खोल जातो. १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस खाणं आणि मेलेली ढोरं ओढण्याची हीन समजली गेलेली कामं सोडायला सांगितलं. तो नकार शंभर टक्के रास्त होता. जे काम एका समाजाच्या माथी मारलं होतं, ते त्यानंतर साऱ्या गावाचं, नगरपालिकेचं व्हायला हवं होतं. यंत्र, हातमोजे, वाहन आणि पगार यांसह. बऱ्याच गावांत ते कोणाचंच झालं नाही. ढोर ओढ्याकाठी टाकायचं आणि पाठ फिरवायची, एवढीच 'व्यवस्था' उरली. म्हणून आज हे काम स्वयंसेवकांनी करायचं तर आलटून पालटून सर्वांनी, आणि पंचायतीच्या खर्चानं. पुन्हा जुन्याच वस्तीतली माणसं बोलावून नव्हे.

माणसांचे प्रश्न सुटलेले नसताना जनावरांचं कौतुक कशाला, हा आक्षेप इतरत्र मी सहज बाजूला सारला असता. चवदार तळ्याच्या गावात तसं करता येत नाही. जिथं तळ्याच्या पाण्याला गुराढोरांना मुभा होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना नव्हती, तिथं प्राणिप्रेमाकडे संशयानं पाहण्याचा हक्क लोकांनी कमावलेला आहे. माझं उत्तर एवढंच, की कुत्रा चावण्याचा धोका बंगल्यातल्या माणसाला कमी आणि पहाटे पायी कामाला निघणाऱ्याला, अंगणवाडीच्या पोराला जास्त असतो. मढी उचलणं आणि कुत्र्यांना लस टोचणं हे आधी त्यांच्यासाठी आहे.

दुसरा आक्षेप रोखठोक आहे: सगळी उचला आणि कोंडा. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं, अपवाद रेबीज झालेल्या किंवा चवताळलेल्या कुत्र्यांचा. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी पोलादपूरसारख्या छोट्या नगरपंचायतीनं शेकडो कुत्री जन्मभर कुठं आणि कशावर पोसायची? शिवाय घाण तशीच राहिली तर शेजारच्या वाडीतली कुत्री महिनाभरात तिथं येणार. गिधाडांसाठी डायक्लोफेनॅक नको म्हणताना शेतकऱ्याची अडचण मात्र खरी आहे, लंगडणाऱ्या बैलाला औषध तर हवंच. त्यासाठी मेलॉक्सिकॅम आहे. ते गिधाडांना बाधत नाही हे २००६ पासून माहीत आहे, तेव्हा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ते कधीही संपता कामा नये, हे पाहण्याचं काम स्थानिक संस्था करू शकतात.

नसबंदीची जबाबदारी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. त्यासाठी शस्त्रक्रियेची जागा आणि नंतर काही दिवस ठेवायला पिंजरे लागतात. महाड, पोलादपूर आणि मोठ्या ग्रामपंचायती मिळून एक केंद्र चालवू शकतील. वेगवेगळं कुणालाच झेपणार नाही. दत्तक देताना मादी आधी आणि तिच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरवूनच, असा नियम संस्थांना आजपासून करता येईल. त्याला पैसा लागत नाही. बाकी वेळापत्रक निसर्गानं आखून दिलेलंच आहे. कुत्र्यांचा भाद्रपद ठरलेला, पोटात पिल्लं दोन महिने, आणि कोकणातल्या पावसात पिंजरे घेऊन वाड्या-वस्त्या फिरणं अवघड. म्हणजे केंद्र उभं राहायचं तर शिमग्याच्या आत, आणि माद्या पकडायच्या त्या मृगाआधी.