थेरपी डॉगचं प्रमाणपत्र नेमकं कुणाला मिळतं?

विमानतळावर प्रवाशांच्या गराड्यात शांत बसलेल्या कुत्र्यांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरही प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी असे 'थेरपी डॉग' आणले गेले. ते पाहून अनेकांना वाटतं, आपलाही कुत्रा गरीब आहे, त्यालाही रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात न्यावं. पण नुसता गरीब स्वभाव पुरतो का?

सर्व्हिस डॉग वेगळा, थेरपी डॉग वेगळा

सर्व्हिस डॉग एकाच दिव्यांग व्यक्तीसाठी काम करतो. अमेरिकेत कायद्यानेच त्याला दुकानात, हॉटेलात प्रवेश मिळतो. थेरपी डॉग मात्र इतरांना भेटायला जातो. त्याला असा हक्क नाही. संस्थेने बोलावलं, तरच तो आत जाऊ शकतो.

परीक्षा कशी होते?

अमेरिकेत सरकार थेरपी डॉगला प्रमाणपत्र देत नाही. 'पेट पार्टनर्स'सारख्या स्वयंसेवी संस्था चाचणी घेतात. त्याआधी बरेच जण अमेरिकन केनेल क्लबची 'कॅनाइन गुड सिटिझन' ही 10 भागांची चाचणी देतात. अनोळखी माणसाला शांतपणे भेटणं, गर्दीतून पट्टा न ओढता चालणं, मालक नजरेआड गेल्यावर 3 मिनिटं थांबणं, हे त्यात तपासतात.

थेरपीची चाचणी याच्या पुढची असते. व्हीलचेअर जवळ येते, कुणी मोठ्याने ओरडतं, मागून धक्का बसतो, कुणी वेडावाकडा हात फिरवतं. कुत्र्याने बिथरायचं नाही. जमिनीवर पडलेली वस्तू 'सोड' म्हटल्यावर सोडायची. रुग्णालयात ती वस्तू एखादी गोळीही असू शकते.

पास कोण होतं?

कुत्रा एकटा नाही, तर जोडी. 'पेट पार्टनर्स'ची नोंदणी कुत्रा आणि त्याला नेणारी व्यक्ती यांची मिळून होते. नवऱ्याने परीक्षा दिली असेल, तर बायकोला वेगळी द्यावी लागते. दर 2 वर्षांनी पुन्हा तपासणी होते. कुत्रा किमान 1 वर्षाचा हवा आणि लसीकरण पूर्ण हवं. कच्चं मांस खाणारा कुत्रा चालत नाही, कारण त्यातून साल्मोनेलासारखे जंतू आजारी माणसापर्यंत पोहोचू शकतात.

माणसाची परीक्षा कशासाठी? कुत्रा दमलाय हे त्यालाच ओळखायचं असतं. झोप आलेली नसताना जांभया देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, मालकाच्या मागे लपणं ही ताणाची लक्षणं आहेत. ती दिसली की भेट तिथेच थांबवायची. दमलेला, घाबरलेला कुत्रा चावू शकतो, आणि समोर लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असतो.

ऑनलाइन प्रमाणपत्राचं काय?

पैसे भरले की जाकीट आणि ओळखपत्र घरपोच देणाऱ्या वेबसाइट्स आहेत. कुत्र्याला न पाहताच दिलेल्या अशा कागदाने काहीच सिद्ध होत नाही.

भारतात थेरपी डॉगसाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे शाळा, रुग्णालयं आणि वृद्धाश्रमांनीच विचारायला हवं: चाचणी कुणी घेतली, कधी घेतली, रेबीजची लस झाली आहे का, आणि काही घडलं तर जबाबदारी कुणाची? या चार प्रश्नांची उत्तरं नसतील, तर कुत्र्याला दारातूनच परत पाठवलेलं बरं.