चित्र एकटेच गावात जाते

सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली, त्या काळी ग्रामसेवकाच्या हाती चित्रतक्ते व भित्तिपत्रके असत. चावडीपुढे तक्ता टांगावयाचा, काठीने किडीचे चित्र दाखवावयाचे आणि कोणी शंका काढली की तेथल्या तेथे तिचे निरसन करावयाचे, अशी रीत होती. तक्ता फारसा सुबक नसला तरी भागत असे. कारण त्याच्या शेजारी माणूस उभा असे.

आज तसा तक्ता मोबाईलवर घडीभरात तयार होतो. २०१३ साली ऑस्ट्रेलियात निघालेल्या कॅनव्हासारख्या साधनांचा पुष्कळसा भाग विनामूल्य असून त्यांत मराठी अक्षरांची वळणेही मिळतात. छायाचित्र घ्यावे, त्यावर चार शब्द लिहावेत व गावच्या व्हॉट्सॲप गटावर धाडावे. यास चित्रकार लागत नाही की छापखाना. ग्रामस्तर कार्यकर्त्यांनी ही सोय अवश्य अंगीकारावी, असे आमचे मत आहे. मात्र हे चित्र एकटेच गावात जाते, हा भेद विसरता कामा नये.

उदाहरणादाखल, ‘उद्या सकाळी ९ वाजता वरकुटे येथे शेतीशाळा’ असे रंगीत चित्र निघाले, असे समजू. इंदापूर तालुक्यात वरकुटे बुद्रुक आहे आणि वरकुटे खुर्दही आहे. शेतकऱ्याने कोणत्या वरकुट्यास जावे? बरे, ‘उद्या’ म्हणजे कोणता दिवस? या गटातून त्या गटात फिरत ते तिसऱ्या दिवशी कोणाच्या हाती पडले, तर तेव्हाही त्यावर ‘उद्या’च असणार! कित्येक जण तारीख चित्राखालच्या मजकुरात लिहितात. पण चित्र पुढे धाडताना तो मजकूर मागे राहू शकतो. यास्तव गावाचे पूर्ण नाव, वार, तारीख व चित्र काढणाऱ्याचा हुद्दा ही चित्राच्या आतच असावीत.

सूचना चुकली तर एक हेलपाटा पडेल. औषधाचे प्रमाण चुकले तर पीक हातचे जाईल. ‘लिटरला ०.४ ग्रॅम’ असे बारीक अक्षरांत लिहिले आणि पाठविताना चित्र आक्रसून त्यातील टिंब पुसट झाले, की वाचणारा ४ ग्रॅम वाचतो, म्हणजे दहापट. तेच ‘१० लिटर पाण्यात ४ ग्रॅम’ असे ठळक लिहिल्यास घोटाळा होत नाही. शिफारशीही बदलत असतात. बिनतारखेचा जुना तक्ता नव्या हंगामात पुन्हा फिरू लागला, तर त्यास कोण अडविणार?

आता चित्राविषयी. तयार नमुन्यांतील परदेशी शेते व लखलखीत ट्रॅक्टर आमच्या मते बिनकामाचे होत. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात पोहोचली. तिच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. हे दाखविण्यास आपल्याच शिवारातील मक्याच्या पोंग्यातली अळी हवी. आकार कळावा म्हणून शेजारी काडेपेटीतील काडी ठेवावी. हल्ली यंत्रास सांगितले की ते स्वतःच अळी काढून देते. अशी अळी दिसावयास देखणी असते, परंतु तिचे ठिपके नेमके असतील याचा भरवसा नाही. रोगकिडीच्या ओळखीसाठी असले चित्र मुळीच वापरू नये. शाळेतील मुलांनी पाहून काढलेले वेडेवाकडे चित्र त्याहून बरे.

एका चित्रात एकच गोष्ट सांगावी. ओळख एका चित्रात, उपाय दुसऱ्यात. काही साधनांत मराठी जोडाक्षरे फुटतात, ‘प्रमाण’ भलतेच दिसते, तेही पाहून घ्यावे.

आणि गटावर धाडण्यापूर्वी चित्र एखाद्या शेतकऱ्याच्या साध्या फोनवर पाठवून, त्यास उन्हात उभे राहून वाचावयास सांगावे. आपण काही न बोलता एवढेच विचारावे की, ‘आता तुम्ही काय कराल?’ त्याचे उत्तर आपल्या मनातल्याहून निराळे आले, तर त्यास समजावीत बसू नये, चित्र बदलावे.