केसपेपर दोघांच्या नावाने

लग्नाला दोन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की सुनेला डॉक्टरकडे नेले जाते. तिचे रक्त तपासतात, सोनोग्राफी होते, गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहणारी दुखरी एक्स-रे तपासणी होते, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी मात्र सगळ्यात शेवटी, तीही घरच्यांच्या नकळत. हा क्रम बदललाच पाहिजे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत, सापडते. त्याच्या तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यायचा. तेवढेही न करता बाईच्या पोटात दुर्बीण घालणे हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि चुकीचे वैद्यकही.

वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांनीच. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते, शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून बीज सुटते तो दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढाच काळ महिन्यात उपयोगाचा. बीज सुटते ते साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी. ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईने पाळीपासूनचा चौदावा दिवस धरला, तर हिशेब आठवडाभराने चुकतो. बायको कोकणात आणि नवरा मुंबईला किंवा आखातात, अशी कितीतरी घरे आहेत. गणपती-शिमग्याच्या रजेपुरत्या भेटणाऱ्या या जोडप्यांच्या लग्नाची वर्षे सगळे गाव मोजते. त्यांना एकत्र मिळालेले दिवस कोणी मोजत नाही, आणि वांझपणाचा शिक्का सुनेवर बसतो.

मूल होत नाही म्हणजे थेट टेस्ट ट्यूब, हा समजही घातक आहे. पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारामुळे बीज सुटत नसेल तर लेट्रोझोलच्या साध्या गोळ्यांनी अनेकींना दिवस राहतात. नलिका उघड्या आणि शुक्रजंतूंतला दोष सौम्य असेल तर आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करून पाहता येते. जननेंद्रियांचा क्षयरोग हे आपल्याकडे नलिका बंद होण्याचे मोठे कारण. क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, पण निदानाला उशीर झाला तर बिघडलेली नलिका सुधारत नाही. व्यायामशाळेत अंग कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या पोरांचे शुक्रजंतू तयार होणेच थांबू शकते, हे इंजेक्शन देणारा सांगत नाही. दोन्ही नलिका बंद असतील किंवा शुक्रजंतू फारच कमी असतील, तेव्हा आयव्हीएफ, म्हणजेच टेस्ट ट्यूब. तेही हमखास नव्हे. स्त्रीचे वय वाढते तसे यश घटते आणि चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर ते फार थोड्यांना लाभते. यशाची शक्यता आणि खर्च आधी सांगणे २०२१च्या साहाय्यित प्रजननाच्या कायद्याने उपचार केंद्रांवर बंधनकारक केले आहे. ते लेखी, वयानुसार आकड्यांत मागून घ्यावे.

देशातले शास्त्रशुद्ध नोंद असलेले पहिले टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मले ते मुंबईत, केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते यश. सार्वजनिक रुग्णालयात रुजलेले हे शास्त्र पुढे बहुतांशी खासगी केंद्रांत गेले. तिथे एका प्रयत्नाला लाखाच्या वर मोजावे लागतात, त्यासाठी मंगळसूत्र गहाण पडते. आयुष्मान भारत योजनेने हे उपचार वगळले आहेत. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ मोफत सुरू केले. महाराष्ट्रानेही निदान प्रत्येक महसुली विभागातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय उभारावी. त्याहून तातडीचे आणि कितीतरी स्वस्त काम जिल्हा रुग्णालयांत आहे: आठवड्यातून एक दिवस जोडप्यांसाठी राखावा, वीर्यतपासणी, थायरॉइड आणि सोनोग्राफी त्याच दिवशी व्हावी, आणि केसपेपर नवरा-बायको दोघांच्या नावाने निघावा.