काच लखलखीत, मासा उपाशी



परवा संध्याकाळी आमच्या शेजारची सहावीतली मैत्रीण रडवेली होऊन दारात उभी राहिली. हातात वाटी आणि वाटीत बोटाच्या दोन पेरांएवढा एक मासा. निपचित पडलेला.

“काकाजी, हा चौथा. एका महिन्यात चारही गेले. आणि आमची टाकी तर इतकी स्वच्छ आहे, तुम्ही येऊन बघा!”

मी गेलो. खरंच, काच आरशासारखी लखलखत होती. शेवाळाचा एक ठिपका दिसेल तर शपथ! मासे आणले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, “हे शेवाळ खातात, यांना वेगळं खायला घालायची गरज नाही.” टाकीतल्या गप्पींना रोज दाणे मिळत होते, पण ते दाणे वरच्या वरच फस्त होत. काचेला चिकटून बसणाऱ्या या चौघांपर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. पहिले पंधरा दिवस त्यांनी काच चाटूनपुसून खाल्ली. मग खायला काही उरलंच नाही. टाकी स्वच्छ होती, म्हणूनच ते गेले.

तेव्हा आजची गोष्ट या छोट्या काचचाट्यांची. त्यांना सगळे ‘सफाई कामगार’ म्हणतात. पण कामगारालाही दुपारी डबा लागतो ना?

आधी ओळख

त्या वाटीतला मासा होता ओटोसिंक्लस. लाडानं त्याला ओटो म्हणतात. हा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा रहिवासी, जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, चूषकासारखं. त्या तोंडानं तो पानाला, दगडाला, काचेला चिकटतो आणि मऊ शेवाळ खरवडून खातो. बाजारात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. पकडल्यापासून आपल्या घरी येईपर्यंत कित्येक दिवस त्यांच्या पोटात फारसं काही गेलेलं नसतं. म्हणजे पाहुणा येतो तोच भुकेला!

दुसरा मासा म्हणजे ‘सकर’. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, स्वस्तात मिळतो आणि गंमतशीरही असतो. पण हा बोटाएवढा सकर पुढे फूट-दीड फुटाचा होतो. दोन फुटांच्या टाकीत दीड फुटाचा मासा म्हणजे कपाटात म्हैस बांधण्यासारखंच! सकरसारखाच पण लहान मासा हवा असेल, तर ‘ब्रिसलनोज’ मागा. नराच्या नाकावर मिशांसारखे काटे असतात आणि तो साधारण वीतभरापेक्षा मोठा होत नाही.

टाकीचं गणित

पाच-सहा ओटोंसाठी टाकी किती मोठी हवी? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावतं, तेव्हा ही टाकी झाली 56 लिटरची. ओटो एकटा आणू नका. तो घोळक्यात राहणारा मासा आहे, एकटा पडला की घाबरून कोपऱ्यात बसतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, नव्याकोऱ्या टाकीत ओटो सोडू नका. टाकी दोन-तीन महिने चालू द्या. का? मासे शी-शू करतात, त्यातून पाण्यात अमोनिया येतो. अमोनिया हे माशांना विष. फिल्टरच्या स्पंजात हळूहळू जिवाणूंची वस्ती होते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच कमी त्रासाचं असतं. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तोवर दगडांवर, पानांवर शेवाळाचा पातळ थर धरू लागतो. तोच ओटोचा खरा स्वयंपाकघरातला डबा!

आता एक गंमत. नायट्रेट हे शेवाळाचं खत. मासा शेवाळ खातो, शी करतो, त्या शीचं पुन्हा खत होतं आणि पुन्हा शेवाळ! म्हणजे शेवाळ खाणारा मासा आणला की टाकी आपोआप साफ राहते, हा समज अर्धवट आहे. फार शेवाळ येत असेल तर टाकीवर ऊन पडतंय का ते बघा, दिवा आठ तासांपेक्षा जास्त लावू नका, दाणे कमी टाका आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो.

आपल्या वर्ध्याचा उन्हाळा

ओटोला साधारण 22 ते 26 अंशांचं पाणी आवडतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो! पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांवर साडेसातच. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर समजा श्वास कोंडतोय.

उपाय सोपे आहेत. टाकी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, खिडकीपासून दूर ठेवा. झाकण काढून जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ द्या. वाऱ्यानं पाण्याची वाफ होते आणि पाणी दोन-तीन अंश थंड होतं. माठातलं पाणी थंड होतं ना, तीच युक्ती! फारच तापलं तर बर्फाची बंद बाटली थोडा वेळ तरंगत ठेवा, पण एकदम थंड करू नका. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर मगमध्ये टाकीचंच पाणी घेऊन वीतभर वरून हळूहळू ओता. दर दहा-पंधरा मिनिटांनी असं केलं की हवा मिसळत राहते. आणि पाणी बदलताना गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी घेऊ नका. मे महिन्यात ते चहासारखं गरम असतं!

डबा कसा भरायचा?

काकडी, दुधी किंवा दोडका घ्या. स्वच्छ धुवा, साल काढा (फवारणीचं औषध सालीवर असतं). अर्ध्या सेंटिमीटरची चकती करून तीन-चार मिनिटं उकळा. गॅसपाशी मोठ्यांना बोलवा हं! थंड झाली की ती स्टीलच्या चमच्याच्या दांडीला दोऱ्यानं बांधा आणि चमच्यासकट तळाशी सोडा. नुसती टाकली तर तरंगत राहील. पालकाचं पानही असंच उकळून देता येतं. संध्याकाळी चकती ठेवायची, सकाळी उरलेली काढायची. विसरलात तर ती सडते आणि पाणी नासतं. आठवड्यातून तीन-चार वेळा एवढं पुरे. दुकानात शेवाळापासून केलेल्या, बुडणाऱ्या चकत्याही मिळतात.

ओटो सुरुवातीला काकडीकडे ढुंकूनही पाहत नाही. अशा वेळी आपलं वऱ्हाडी ऊन कामी येतं! मुठीएवढे चार-पाच काळे दगड गोळा करा. आपल्या भागात बेसाल्ट हवा तितका आहे. दगडावर लिंबू पिळा. फसफसला तर त्यात चुना आहे, तो नको. दगड घासून धुवा, काचेच्या बरणीत ठेवा, टाकीतून काढलेलं जुनं पाणी त्यावर ओता आणि बरणी उन्हात ठेवा. तोंडाला फडकं बांधायला विसरू नका, नाहीतर मासे पाळता पाळता डास पाळाल! आठ-पंधरा दिवसांत दगड हिरवे होतील. दोन दगड टाकीत, दोन उन्हात, अशी अदलाबदल करत राहा. झाली तुमची शेवाळाची शेती.

पोट भरलंय की नाही, हे कसं कळेल? ओटो काचेला चिकटला की त्याचं पोट समोरून दिसतं. किंचित गोल दिसलं तर ठीक. आत खपाटीला गेलं असेल तर तो उपाशी आहे, मग टाकी कितीही चमकत असो. रोज एकदा पोट बघायचं. एवढं केलं असतं, तर आमच्या मैत्रिणीचे चौघं वाचले असते.

नदीत सोडायचा का?

“काकाजी, सकर मोठा झाला की धामेत सोडून देऊ ना? गप्पी मासे डासांसाठी हौदात सोडतात, तसा हा नदीतलं शेवाळ साफ करेल!” हाही प्रश्न तिचाच. हेतू चांगला, पण उत्तर ठाम नाही!

पवनारला विनोबांच्या आश्रमाखालून वाहणारी धाम पुढे वणेला मिळते, वणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. पवनारला सोडलेल्या माशाला गोदावरीपर्यंत वाट मोकळी आहे. सकरच्या अंगावर चिलखतासारखे कडक खवले असतात, त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात, अंडी घालायला तो काठात बिळं खणतो आणि पाण्याबाहेरही काही तास तग धरतो. 2020 साली वाराणसीला गंगेत असा मासा सापडला. तो तिथला नाहीच, दक्षिण अमेरिकेतला! कुणाच्या तरी टाकीतून सुटलेल्या माशांचीच ही पिलावळ.

आणि आपल्या नद्यांना शेवाळ खाणारे मासे उसने आणायची गरजच नाही. दख्खनच्या नद्यांत दगडांना चिकटून शेवाळ खरवडणारा एक लहानसा मासा आहे, ‘गारा मुल्या’. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 साली त्याची शास्त्रीय नोंद केली आणि नावातला ‘मुल्या’ हा शब्द इथल्या मराठी माणसांच्या बोलण्यातून उचलला. आपला काचचाट्या नदीत आधीपासूनच कामावर हजर आहे. त्याच्या ताटात परका पाहुणा बसवायचा नाही.

म्हणून टाकीत न मावणारा मासा दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. नदीत, तलावात, विहिरीत सोडायचा नाही. आई-बाबांनाही हे वाचून दाखवा, कारण मासे विकत घेताना पाकीट त्यांचंच उघडतं!

आमच्या मैत्रिणीनं तूर्त नवे मासे आणलेले नाहीत. तिच्या गच्चीवर मात्र एक बरणी उन्हात ठेवलेली आहे, तोंडाला फडकं बांधून. दगड हिरवे झाले की मगच पाहुणे येणार. तुमच्याही टाकीत काचचाट्या असेल, तर आज संध्याकाळी काच बघू नका, त्याचं पोट बघा.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!