पितळी वाद्यांची वंशावळ

देवणी जातीच्या वळूचे कूळ बाजारात उभ्याउभ्या सांगणारे आम्ही लोक, आमच्याच वरातीत वाजणाऱ्या ट्रंपेटचे कूळ कोणी विचारले असता मात्र निरुत्तर होतो. बँडवाल्यांनी 'शोला जो भडके' धरले की ते १९५१ च्या 'अलबेला'तले, भगवानदादांचे, आणि चाल पुणतांब्यास जन्मलेल्या सी. रामचंद्रांची, एवढे जाणते माणूस सांगते. परंतु त्यांचा साहाय्यक म्हणून त्या संगीताला पितळेचा कंठ देणारा, आणि आपल्या वादकांसह त्याच चित्रपटात पडद्यावरही झळकलेला चिक चॉकलेट कोण, हे कोणाच्या गावीही नसते.

त्याचे खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातील हळदोणे. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली गोमंतकीय मुले पोटासाठी मुंबईत येत, रात्री ताजमहाल हॉटेलासारख्या ठिकाणी जाझ वाजवीत, आणि दिवसा, संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून तिच्यावर ट्रंपेट-सॅक्सोफोनचा साज चढवीत. त्या मेहनतीचा मोबदला मिळे, नाव बहुधा मिळत नसे.

चिक वारला १९६७ साली. त्याच वर्षी अमेरिकेत शिकागो शहरी एक वाद्यवृंद उभा राहिला, ज्याने पुढे शहराचेच नाव धारण केले. गिटार आणि ड्रम यांच्या राज्यात ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांना केवळ मानकरी म्हणून न बसवता त्याने बरोबरीचा हिस्सा दिला; अशा मिश्रणाला जाझ-रॉक म्हणतात. ट्रॉम्बोनवादक जेम्स पँको याने रचलेले पितळी आलाप तर दुसऱ्या गायकासारखे बोलतात. 'अलबेला'चे संगीत म्हणजे जाझ-रॉक नव्हे, हे मला मान्य आहे (रॉक हे नावही तेव्हा रूढ व्हायचे होते). परंतु थिरकत्या तालाशी जाझच्या वाद्यांची सोयरीक आपल्याकडे आधीच जुळली होती. फरक एवढाच की तिकडे वादकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर छापली गेली आणि इकडे दप्तरी नोंदच झाली नाही.

आकाशवाणीवर गाण्यापूर्वी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे सांगण्याचा शिरस्ता आहे. त्यात वाद्यसंयोजकाच्या नावाची भर घालावी, एवढीच माझी अर्जी आहे, आणि तीही लवकर मंजूर व्हावी. कारण डीजेच्या भिंतींपुढे आमच्या मुलखात पितळी बँड उरलेच आहेत किती?