शॉवरचे पाणी एकदम कढत का होते?

मैत्रिणींनो, मुलाला शॉवरखाली उभे करून गरम-गार पाणी बेताचे जमवावे, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडावा, आणि पाणी एकदम कढत यावे, असे पुष्कळ घरांत होते. बोल मात्र गीझरला बसतो!

खरे कारण पाइपात आहे. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची शक्ती त्याच्या उंचीत असते. दर मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम दाब मिळतो. नळ बंद असेपर्यंत तो पुरा असतो. नळ सोडला की त्या शक्तीतला काही भाग वेगाकडे जातो, काही पाइपशी घासण्यात खर्ची पडतो. वेग वाढला की दाब उतरतो, हे डॅनियल बर्नुली यांनी १७३८ सालीच पुस्तकात मांडले होते. आपल्या घरखर्चासारखेच हे. मिळकत तेवढीच, एकीकडे जास्त गेले की दुसरीकडे तूट!

स्वयंपाकघराचा नि शॉवरचा गार पाइप एकच असला, आणि गीझरचा पाइप टाकीतून वेगळा आला असला, की गारचा जोर कमी होतो, गरमचा तसाच राहतो.

६० अंशांचे पाणी मोठ्या माणसालाही पाच-सहा सेकंदांत भाजते; मुलांची कातडी तर आणखी नाजूक. म्हणून लहान मुलांना बादलीनेच न्हाऊ घाला. आधी गार पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून पाहायला विसरू नका. नवीन घर बांधत असाल तर न्हाणीघराच्या गार पाण्याला टाकीपासून वेगळा, रुंद पाइप घ्यायला प्लंबरला आधीच सांगून ठेवा.