आधी हात बघा, मग रंगपेटी द्या

गेल्या जूनमध्ये आमच्या मोहल्ल्यात शालेय साहित्याचं वाटप झालं. विशेष मुलांसाठी वेगळी रांग होती, पाहुण्यांची तीन भाषणं झाली. माझ्या भाच्यालाही किट मिळालं. तो नऊ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. पिशवीत चित्रकलेची वही, बारीक तैलखडूंची पेटी आणि एक साधी कात्री. फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत अकरा खडू मोडले आणि कात्री कपाटावर गेली, कारण ती त्याला उघडताच येत नाही.

"मामू, मला सगळे मोडकेच दिले," तो म्हणाला. खडू धड होते. त्याची मूठ एकदा आवळली की सुटायला वेळ लागतो, एवढंच.

देणाऱ्यांच्या नियतीवर मी शंका घेत नाही. पण नियत चांगली असली म्हणून खडू जाड होत नाही. गणवेश वाटायचा तर आपण टेलर बोलावून माप घेतो. चष्मा वाटायचा तर डोळे तपासतो. रंगपेटी मात्र घाऊक बाजारातून एकाच मापाची, शंभर नग! सदका दिला, आपला हिशेब पुरा झाला. घेणाऱ्याच्या हातात ती वस्तू चालते का, हे बघायला कोण थांबतं?

आणि लागतं तरी काय? आपाने एसी दुरुस्त करणाऱ्याकडून पाइपवर चढवायच्या काळ्या फोमचा तुकडा आणला आणि ब्रशच्या दांड्यावर बसवला. कागद टेबलाला चिकटपट्टीने चारही बाजूंनी चिकटवला. दाब सोडताच आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळते. न दिसणाऱ्या मुलासाठी रबरी पाटीवर प्लास्टिकचा कागद ठेवतात; टोकदार कलमाने ओढलेली रेघ वर उठते, बोटाला लागते. स्वमग्न मुलांपैकी काहींना ओल्या रंगाचा स्पर्श सोसत नाही, काहींना वास. त्यांना कोरडे रंगखडू द्या, पण आधी त्यांच्या आईला विचारा. यातलं बरंचसं पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांपेक्षा स्वस्त आहे.

लोक म्हणतात, आधी चालू दे, वाचू दे, रंग काय नंतर. कशाच्या नंतर? बाकीची मुलं पहिलीपासून रंगवतात, त्यांना आपण ही अट घालत नाही. बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1950च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर गेली. पुढे त्यांनी कागद कापून चित्रं केली, मेणाच्या आकृत्या घडवल्या आणि 1972 मध्ये शांतिनिकेतनात टाइल्सचं भित्तिचित्र केलं. हाताला जमेल ते साहित्य त्यांनी घेतलं. आपल्या मुलांसमोर तेवढं तरी ठेवाल की नाही?

शाळांनीही हात झटकू नयेत. दिव्यांगजन हक्क कायदा 2016 चं कलम 17 सांगतं, की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधनं मोफत पुरवायची आहेत. चित्रकला विषय वेळापत्रकात असेल, तर तिचं साहित्य 'इतर शैक्षणिक साहित्य' नाही तर काय? कलम 29 मध्ये तर कला विषयांचे अभ्यासक्रम या मुलांना भाग घेता येईल असे नव्याने आखण्याचं स्पष्ट लिहिलं आहे. भाच्याच्या शाळेत मात्र चित्रकलेच्या तासाला त्याला खिडकीपाशी बसवतात. शिक्षिका वाईट नाहीत. त्यांच्याकडे एकाच मापाचे खडू आहेत.

म्हणून पालकांनो, शाळेला तोंडी सांगू नका. काय हवं ते लिहून द्या, जाडी आणि लांबीसकट, आणि पोच घ्या. वाटप समित्यांनी पुढच्या यादीवर 'रंगपेटी, 100 नग' लिहिण्याआधी दोन-तीन घरी नमुने घेऊन जावं, मुलाच्या हातात द्यावे आणि दहा मिनिटं बसावं. आमच्या घरी आलात तर चहा मिळेल. मोडलेले अकरा खडूही दाखवीन. आपाने ते वितळवून एक जाड गोळा केला आहे, आणि सध्या तोच चालतो.